फ्रीजमधला गॅस संपत नाही

स्वयंपाकाचा गॅस जळतो, म्हणून सिलिंडर रिकामं होतं. फ्रीजमधला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो, मागच्या जाळीतून बाहेर टाकतो आणि पुन्हा आत जातो. फ्रीज मोडीत निघेपर्यंत तोच गॅस पुरायला हवा. तो खरंच कमी झाला असेल, तर नळीला कुठेतरी छिद्र पडलेलं आहे. ते छिद्र न शोधता नवा गॅस भरला तर तोही त्याच वाटेनं जाणार. एवढी गोष्ट गोंदिया जिल्ह्यातल्या घरोघरी माहीत असती, तर दर उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबांचे पैसे वाचले असते. म्हणून आमच्या घरी काय घडलं ते सविस्तर सांगते.

आमचं घर आमगाव तालुक्यात, शेतीचं. उन्हाळी धान निघालं की स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पोत्यांची थप्पी लागते. एका दाराचा जुना फ्रीज त्याच भिंतीला टेकून उभा असे. मामाजींना मधुमेह, त्यांचं इन्सुलिन त्यात. त्यामुळे आमच्याकडे फ्रीज बिघडला की दूध नासण्यापेक्षा औषधाची काळजी मोठी.

मे महिन्यात बर्फ जमेनासा झाला. सांबाराच्या जुड्या दुसऱ्याच दिवशी काळ्या पडू लागल्या. मोटार क्षणभरही थांबत नव्हती, आणि मागे हात नेला तर चटका बसायचा. जवळचा एक मिस्त्री आला. त्यानं फ्रीझरमध्ये हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, गॅस संपला. भरावा लागते." फ्रीज भिंतीपासून पुरता ओढलाही नाही. नळी कापली, गॅस सोडला, टोक बंद केलं, पैसे घेतले. त्याच सुमारास अवकाळी पाऊस आला, हवा गार झाली, आणि फ्रीज सुधारल्यासारखं वाटलं. ऊन पुन्हा तापलं तसा तोही पुन्हा तापला.

मग गोंदियाहून एका वयस्क मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या कुठल्याच नळीला हात लावला नाही. रात्री ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो मधल्या कप्प्यात ठेवला होता का, हे आधी विचारलं. नव्हता. मग फ्रीज ओढून टॉर्च मारला. मागच्या काळ्या जाळीच्या तारा दिसतच नव्हत्या. धानाचा कोंडा, तूस आणि फोडणीच्या वाफेचा तेलकटपणा यांचा मिळून बोटाएवढा जाड थर बसला होता. तो नखानं उचलला तर अख्खा पापुद्रा सुटून हातात आला. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, आतली गरमी बाहेर निघणार कुठून?"

पुढे दाराच्या रबरात दहाची नोट धरून त्यांनी दार लावलं. वरच्या बाजूला नोट घट्ट बसली, खालच्या कोपऱ्यात अलगद सरकली. संध्याकाळी, आजूबाजूच्या बांध्यांवरचे मोटारपंप सुरू झाल्यावर, बोर्डात मीटर घातला तर व्होल्टेज १७० दाखवत होतं. शेवटी त्यांनी मागची, मोटारीकडे परत येणारी नळी दाखवली. तिच्यावर पार मोटारीपर्यंत पांढरा बर्फ चढला होता. "गॅस कमी नव्हताच," ते म्हणाले, "आता जास्त झाला आहे." जास्तीचा गॅस मोटारीवरचा भार वाढवतो. द्रवरूपातच मोटारीत शिरला तर मोटार कायमची जायबंदी होऊ शकते. त्यांनी सगळा गॅस काढला, साबणाच्या फेसानं जोड तपासले, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या केल्या, आणि फ्रीजच्या मागच्या पाटीवर जितके ग्रॅम लिहिले होते तितकाच गॅस काट्यावर मोजून भरला. जाळी साफ झाली, रबर बदललं, स्टॅबिलायझर आला. तो फ्रीज आजही चालतो आहे.

आता आपल्या भागापुरतं बोलते, कारण पुस्तिकेत लिहिलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

फ्रीजच्या पाटीवर हवामानाचा एक वर्ग छापलेला असतो. आपल्याकडे बहुतेक फ्रीज 'टी' म्हणजे उष्ण प्रदेशाच्या वर्गातले. त्या वर्गाची चाचणी ४३ अंशांपर्यंतच्या तापमानात होते. गोंदियाचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो, आणि टिनाच्या छपराखालचं स्वयंपाकघर त्याहून तापतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपला फ्रीज त्याच्या चाचणीच्या मर्यादेबाहेर काम करत असतो. अशा वेळी तो मागे-पुढे चार बोटं जागा मागत असेल तर द्यायलाच हवी. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला तो लावू नका, चुलीशेजारी तर नाहीच. वर झाकायला विणलेलं कापड घालून ते बाजूंवर सोडण्याची पद्धत घरोघरी आहे. नव्या फ्रीजमध्ये मागे जाळी दिसत नाही, तिच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. तो पत्रा कोमट लागणं हे बिघाडाचं लक्षण नाही, उष्णता तिथूनच बाहेर पडते. त्यावर कापड सोडलं की ती वाट बंद होते.

जाळी बाहेर असेल तर मळणीच्या दिवसांत महिन्यातून एकदा साफ करा. आधी पिन काढा, मग मऊ ब्रश, कोरडा. पाणी मारू नका, खाली मोटारीच्या बाजूला विजेचे जोड असतात. ज्यांचं घर राईस मिलच्या जवळ आहे त्यांनी वर्षभर हे करावं. धान घरात असलं की उंदीरही येतात. थंडीत मोटारीजवळची ऊब त्यांना आवडते आणि वायरी कुरतडल्या जातात. साफ करताना तिथेही नजर टाका.

व्होल्टेजबद्दल जरा थांबून सांगावं लागेल, कारण माझ्या मते आपल्याकडचे सगळ्यात जास्त फ्रीज यानेच मरतात. घरात यायला हवी ती वीज २३० व्होल्टची. उन्हाळी धानाच्या दिवसांत एका डीपीवरचे सगळे पंप एकदम ओढतात आणि शेवटच्या घरापर्यंत १७०, कधी त्याहून कमी पोचतं. पंखा मंद फिरतो, बल्ब पिवळा पडतो, एवढंच आपल्याला दिसतं. साध्या मोटारीचा सुरू होतानाचा जोर मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १७० वर तो जवळपास निम्मा राहतो. मोटार उठायला बघते, उठत नाही, भरमसाट करंट खेचते आणि तापते. मग मोटारीला चिकटलेला छोटा ओव्हरलोड 'टिक्' करून वीज तोडतो. थंड झाला की पुन्हा जोडतो, पुन्हा टिक्. असा आवाज दर काही मिनिटांनी मागून येत असेल तर फ्रीज ताबडतोब बंद करा. तो तसाच रात्रभर टिकटिकत राहिला तर आतली वाइंडिंग जळते. व्होल्टेज नीट असतानाही टिकटिक थांबत नसेल तर आधी रिले आणि ओव्हरलोड तपासून घ्या. हे भाग स्वस्त असतात. त्यांच्याऐवजी अख्खी मोटार बदलायला सांगणारे भेटतात, म्हणून सांगते.

लाईन गेली आणि लगेच आली, तर पाच मिनिटं थांबून मगच फ्रीज लावा. मोटार थांबल्यावर नळ्यांतला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी सुरू केली तर तिला दाबाविरुद्ध उठावं लागतं. स्टॅबिलायझर घेताना तीन गोष्टी विचारा: व्होल्टेज फार उतरलं तर तो वीज तोडतो का, फार चढलं तर तोडतो का, आणि परत जोडताना थांबतो का. नुसतं व्होल्टेज वाढवून देणारा आणि न तोडणारा डबा आणू नका. इन्व्हर्टर मोटारीचे नवे फ्रीज बऱ्याच कमी-जास्त व्होल्टेजवर चालतात. 'स्टॅबिलायझर नको' असं दुकानदार म्हणाला तरी ते किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, हे पुस्तिकेत स्वतः वाचा आणि आपल्या घरातलं संध्याकाळचं माप त्यात बसतं का पाहा. जूनमध्ये ढग गडगडू लागले की पिन काढून ठेवणं उत्तम. आकाशातल्या विजेपुढे स्टॅबिलायझर टिकत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "जुना झाला, असं होतंच" म्हणून सोडू नका. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून दोन पिनांवर फ्रीज चालवलेला मी इथे अनेक घरांत पाहिला आहे. पावसाळ्यात ओल धरलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून लहान मूल त्याचं दार उघडतं. फ्रीजची दुरुस्ती नंतर करा, वायरमनला बोलावून अर्थिंग आधी करून घ्या.

एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की गारवा खाली उतरत नाही. नॉबच्या मध्यातलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा, नाहीतर पिन काढून दार उघडं ठेवा आणि वाट पाहा. सालेकशाला माझ्या नात्यातल्या एका घरी घाईनं सुरीनं बर्फ खरवडला गेला. फ्रीझरचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यातली गॅसची वाट दोन्ही टोचली गेली. फस्स असा आवाज आला आणि फ्रीज तिथेच संपला. गॅस खरंच जातो तो असा.

मामाजींच्या इन्सुलिनमुळे मी थर्मामीटर ठेवायला शिकले. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते फ्रीझरलगत नको, कारण एकदा गोठलं की वितळल्यावरही निकामीच. दारातही नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. मधल्या कप्प्यात, डब्यात ठेवा. खाण्याच्या पदार्थांसाठी आतलं तापमान ५ अंशांच्या खाली हवं. लाईन गेली तर दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. त्यापुढे मे महिन्याच्या कोरड्या हवेत ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात इन्सुलिनची कुपी पिशवीत घालून ठेवता येते. पावसाळी दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. जास्त वेळ गरम राहिलेलं औषध वापरायचं की नाही, ते डॉक्टरांनाच विचारावं.

आपण भात खाणारी माणसं, म्हणून भाताचंही सांगते. शिजवलेला भात उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिला की त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात निववून लवकर फ्रीजमध्ये घाला. रात्रभर लाईन नसेल तर सकाळी त्या भाताचा मोह सोडा, मुलांना तर देऊच नका.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आतल्या मागच्या भिंतीचं बारीक छिद्र तुंबलेलं असतं. कोमट पाणी सोडून मऊ नळीनं ते मोकळं करा, याला मेकॅनिक लागत नाही. ते पाणी मागे मोटारीवरच्या ट्रेमध्ये पडतं. उन्हाळ्यात तिथल्या तिथे वाळतं, पावसाळ्यात साचून राहतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंगणातली टाकी दर आठवड्याला कोरडी करणारं घरही हा ट्रे विसरतं. त्याच दिवशी तोही उपसा.

हिवाळ्यात एक वेगळीच तक्रार येते. गोंदियाची थंडी विदर्भात कडक. रात्री घरातलं तापमान १६ अंशांखाली गेलं की काही दोन दारांच्या फ्रीजची मोटार फार कमी वेळ चालते, कारण खालच्या कप्प्याला गारव्याची गरजच उरत नाही, आणि वरच्या फ्रीझरमधला बर्फ मऊ पडतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळीही "गॅस संपला" सांगणारा माणूस भेटू शकतो.

मिस्त्री बोलवायच्या आधी वॉरंटी कार्ड शोधा. नव्या फ्रीजच्या मोटारीला पुष्कळदा दहा वर्षांची हमी असते, आणि बाहेरच्या माणसानं नळी कापली की ती जाऊ शकते. आलेल्या माणसाला मागची पाटी वाचायला लावा. तिच्यावर आर-१३४ए लिहिलं असेल तर तोच गॅस, आर-६००ए असेल तर तोच, आणि तोही मोजून. आर-६००ए पेट घेणारा आहे. तो नळीत असताना ज्योत लावून जोडकाम करू देऊ नका, खोलीची खिडकी-दारं उघडी ठेवा आणि चूल विझवा. गळती कुठे सापडली ते दाखवायला सांगा. बिलावर गॅसचं नाव, वजन, बदललेले भाग आणि दुरुस्तीची मुदत लिहून घ्या, काढलेला जुना भाग मागून घ्या. असं बिल हातात असलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.