बायसेप्सच्या दिवशी फोरआर्म दुखतो: उपचाराचा खरा खर्च किती?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हातावर मी तीन महिन्यांत 16,500 रुपये खर्च केले. एमआरआय 7,000, फिजिओथेरपीची दहा सत्रे 6,000, ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या दोन भेटी 1,600 आणि जेल, गोळ्या, पट्टा मिळून 1,900. रॉडने बायसेप्स मारताना कोपराखाली कळ यायची. पुढे पुढे तर सकाळी दुधाची पिशवी उचलतानाही यायला लागली. कोणते पैसे कामी आले, हे आता मी नेमके सांगू शकतो. डॉक्टरांची पहिली फी आणि नंतर दुसऱ्या फिजिओकडे घेतलेली, वरच्या हिशेबाबाहेरची दोन सत्रे, मिळून 2,000 रुपये. बाकीचे पैसे चुकीच्या क्रमाने गेले. हा क्रम मला आधी कुणी सांगितला असता तर बरे झाले असते, म्हणून तो इथे लिहितो आहे. दर पुण्यातल्या खासगी दवाखान्यांत आणि दुकानांत मी स्वतः दिलेले किंवा विचारलेले आहेत. मुंबईच्या उपनगरांत ते बरेचदा चढे असतात, तालुक्याच्या गावी कमी.

पहिली गोष्ट फुकट आहे: नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखवता आले पाहिजे. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे हाड दाबल्यावर दुखत असेल आणि तळवा खाली ठेवून काही उचलताना कळ येत असेल, तर बहुधा टेनिस एल्बो. रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाही तो होतो. दुखणे कोपराच्या आतल्या बाजूला असेल आणि चिनअप्स मारताना किंवा पिशवी आवळून धरताना वाढत असेल, तर गोल्फर्स एल्बो. अंगठ्याच्या बाजूला, फोरआर्मच्या वरच्या मांसल भागात दुखत असेल तर हॅमर कर्ल आणि उलट्या पकडीच्या कर्लचा अतिरेक झालेला असतो. चौथी जागा म्हणजे करंगळीच्या बाजूने, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, हाडाच्या कडेने येणारी कळ. ती रॉड वर नेताना फारशी जाणवत नाही, खाली सोडताना जीव घेते. सरळ रॉडने बायसेप्स मारणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे. माझीही हीच होती.

कारण आरशासमोर उभे राहिलात की दिसते. हात सरळ खाली सोडा आणि तळवे समोर करा. दंड आणि फोरआर्म एका रेषेत नसतात. कोपरापासून पुढचा हात थोडा बाहेर झुकतो, साधारण 10 ते 15 अंश, आणि बायकांमध्ये जरा जास्तच. सरळ रॉड हा कोन मानत नाही. दोन्ही तळवे पूर्ण वर वळवून एका ओळीत जखडले जातात, खांदा आणि कोपर आपापल्या वाटेने फिरू पाहतात आणि मधला फरक मनगटाला सोसावा लागतो. त्यात वजन जड झाले की आपण मूठ आवळतो आणि मनगट आत मुरडतो. म्हणजे जे काम बायसेप्सने करायचे ते फोरआर्मचे बारीक स्नायू आणि त्यांच्या कंडरा करू लागतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला महिने लागतात. वजन स्नायूच्या वेगाने वाढवले की भार कंडरेवर येतो.

म्हणून पहिला उपाय जिममध्येच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. सरळ रॉड ठेवून द्या आणि झिगझॅग रॉड घ्या. त्याच्या वाकड्या भागावर पकड अर्धवट वळलेली राहते आणि मनगटाला मोकळीक मिळते. डंबेल त्याहून बरे, कारण वर जाताना हात आपल्या सोयीने फिरतो. मनगट फोरआर्मच्या रेषेत सरळ ठेवा. मूठ रॉड निसटणार नाही इतपतच घट्ट हवी. घरी व्यायाम करणाऱ्याला झिगझॅग रॉड 1,200 ते 2,500 रुपयांत मिळतो. रॉडला दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच किलो लावले की एका उडीत पाच किलो वाढतात. छोट्या स्नायूला ही उडी फार मोठी आहे. सव्वा किलोच्या दोन प्लेट्स जिममध्ये नसतील तर मागा. मिळाल्या नाहीत तर स्वतःच्या घ्या, तीन-चारशे रुपयांत येतात.

पाठीच्या दिवसाचाही हिशेब करायला हवा. पुलअप्स, रोइंग, डेडलिफ्ट या सगळ्यांत मूठच राबते. त्याच आठवड्यात वर बायसेप्सचे दहा-बारा सेट ठेवले की फोरआर्मला सुट्टीच मिळत नाही. दुखणे असेपर्यंत पाठीच्या व्यायामाला कापडी लिफ्टिंग स्ट्रॅप वापरा, म्हणजे पकडीला विसावा मिळतो. जोडी 150 ते 350 रुपयांना मिळते आणि या यादीतल्या विकतच्या वस्तूंपैकी ही मला सर्वांत उपयोगी पडली. जिम मात्र सोडू नका. पायांचे व्यायाम आणि न दुखणारे छातीचे व्यायाम चालू ठेवा. संपूर्ण विश्रांतीने कळ थांबते खरी, पण कंडरा आणखी दुबळी होते आणि परत रॉड धरला की तीच कळ येते.

आता उपचार. दुखऱ्या कंडरेवरचा मुख्य उपचार म्हणजे तिला मोजून भार देणे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. फोरआर्म टेबलावर टेकवा, पंजा कडेबाहेर राहू द्या. टेनिस एल्बो असेल तर तळवा खाली, गोल्फर्स एल्बो असेल तर तळवा वर. बाटली धरून मनगट सरळ, स्थिर ठेवा, 30 ते 45 सेकंद. असे चार-पाच वेळा, दिवसातून एकदा. एक-दोन आठवड्यांनी कळ बसायला लागली की मनगट हळू वर न्या आणि त्याहून हळू, चार सेकंद मोजत, खाली आणा. पंधरा वेळा, तीन सेट, एक दिवसाआड. करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या कडेचे दुखणे असेल तर हातोडीचा दांडा टोकाशी धरून तळवा वर आणि खाली असा सावकाश फिरवा. ओला टॉवेल पिळून सावकाश सोडणे हाही चांगला व्यायाम आहे. त्यासाठी परदेशी बनावटीची रबरी कांडी दीड-दोन हजारांना मिळते. मी टॉवेलवरच भागवले. वजन वाढवायला दोन किलोचे डंबेल लागते. किलोला 100 ते 150 रुपये धरा.

किती दुखू द्यायचे? शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवशीसारखाच हवा. जास्त दुखला तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. मी तिसऱ्या आठवड्यात धीर सोडला आणि एमआरआयच्या रांगेत जाऊन बसलो. माझे सर्वाधिक पैसे तिथेच गेले.

तपासण्यांचे दर असे. एक्स-रे 300 ते 600, सोनोग्राफी 1,200 ते 2,500, एमआरआय 5,000 ते 9,000. हात पडून किंवा आपटून दुखत असेल, किंवा दुखणे थेट हाडावर असेल, तर एक्स-रे हवाच. एरवी टेनिस एल्बोचे निदान डॉक्टर हाताने तपासूनच करतात. एमआरआयमध्ये कंडरेतले बदल न दुखणाऱ्या हातांतही दिसू शकतात, त्यामुळे अहवाल वाचून माणूस उगाच घाबरतो. ‘हा अहवाल आल्यावर तुमचा उपचार बदलणार आहे का?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरांना आधी विचारा. उत्तर नाही असेल तर पैसे खिशातच राहू द्या. साध्या मेडिक्लेममधून दाखल न होता केलेल्या तपासणीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, हेही धरून चाला.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांची फी 500 ते 1,200. दोन-तीन आठवडे भार कमी करूनही काहीच फरक नसेल तर ही फी जरूर भरा. फिजिओथेरपिस्टची पहिली तपासणी 600 ते 1,000 आणि पुढचे सत्र 400 ते 800. इथे सावध राहा. मला दहा दिवस सलग बोलावले, रोज वीस मिनिटे करंट आणि शेक दिला आणि व्यायामाचा कागद शेवटच्या दिवशी हातात ठेवला. पैसे दहाही दिवसांचे आगाऊ घेतलेले होते. तेवढा वेळ आराम वाटतो, खोटे कशाला बोलू, पण हात बळकट होतो तो व्यायामाने. नंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पहिल्याच भेटीत मनगटाची ताकद दोन्ही बाजूंनी तपासली, मला रॉड कसा धरतो ते झाडूच्या दांड्यावर करून दाखवायला लावले, व्यायाम शिकवले आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितले. मला त्या दोन भेटी पुरल्या. एरवी आठ-दहा आठवड्यांत तीन-चार भेटी पुरतात. त्या अंतराने घ्या आणि पैसे दर भेटीला द्या, पॅकेज नको. फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. आरोग्यसेवेला जीएसटी लागत नाही, तेव्हा फिजिओथेरपीच्या बिलात तो लावला असेल तर कारण विचारा.

खासगी फी परवडत नसेल तर तडजोड म्हणून नव्हे, हक्काने सरकारी दवाखान्यात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो आणि फिजिओथेरपीचीही सोय असते. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये वेगळ्या विभागांखाली येतात, तिथे केसपेपरचे नाममात्र पैसे पडतात. फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीतही दर अगदी कमी असतात आणि शिकणारी मुले मन लावून वेळ देतात. तिथे रांगेत सकाळ जाते, हे मात्र खरे.

इंजेक्शनबद्दल थोडे सविस्तर, कारण घाईतला माणूस तिथेच वळतो. स्टिरॉइडचे इंजेक्शन डॉक्टरांच्या फीसह हजार ते अडीच हजारांत होते आणि आठवड्याभरात हात हलका वाटतो. पुढे काय होते हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टेनिस एल्बोच्या 165 रुग्णांवर पाहिले. तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्के लोकांचे दुखणे उलटले, खोटे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी फक्त 12 टक्के लोकांचे. दुखणे थांबले म्हणून माणूस लगेच जुन्या वजनावर जातो, हा धोका वेगळाच. स्वतःच्याच रक्तातून केलेले पीआरपी इंजेक्शन 5,000 ते 15,000 रुपयांना पडते. त्यावरच्या अनेक चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने 2021 मध्ये एकत्र आढावा घेतला आणि टेनिस एल्बोत त्याचा जाणवण्याजोगा फायदा बहुधा होत नाही असा निष्कर्ष काढला. व्यायामाला तीन महिने दिल्याशिवाय मी या दोन्हींकडे जाणार नाही.

किरकोळ खरेदीत, कोपराखाली बांधायचा पट्टा 200 ते 600 रुपयांना मिळतो. काम करताना कळ कमी होते, बरे करणे हे त्याचे काम नाही. डायक्लोफेनॅकचे जेल जनऔषधी केंद्रात ब्रँडेड ट्यूबपेक्षा बरेच स्वस्त मिळते आणि दुखऱ्या पहिल्या दिवसांत उपयोगी पडते. पोटाचा, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी दुखणे थांबवण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ट्रेनर सांध्यांसाठी म्हणून महिना दीड-दोन हजारांच्या पावडरी सुचवतात. त्या मी घेतल्या नाहीत आणि कुणाला घ्यायलाही सांगणार नाही.

काही वेळा मात्र पैशांचा विचारच करायचा नाही. कर्ल मारताना कोपरापाशी ‘टक्’ असा आवाज होऊन हातातला जोर गेला, काळानिळा डाग उतरला, दंडाचा गोळा वर सरकल्यासारखा दिसला, तर बायसेप्सची खालची कंडरा तुटलेली असू शकते. तिची शस्त्रक्रिया करायची झाल्यास पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेली बरी, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर नस दाबली गेली आहे का ते पाहावे लागते. खूप दिवसांनी एकदम भरमसाट सेट मारले, हात सुजून टणक झाला आणि लघवी चहाच्या रंगाची आली, तर थेट रुग्णालयात जा, कारण स्नायूंच्या पेशी फुटून किडनीवर ताण येतो. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर ते बायसेप्सचे दुखणे समजू नका.

आगाऊ घेतलेल्या सत्रांचे पैसे परत मिळत नसतील तर लेखी मागणी करा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. फक्त प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवा. माझ्याकडे सहा हजारांपैकी एकाही रुपयाची नव्हती.

परत रॉडकडे वळाल तेव्हा आधीच्या निम्म्या वजनापासून सुरुवात करा. झिगझॅग रॉड, आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन सेट, खाली येताना तीन सेकंद. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, एकतर रेप्स किंवा सव्वा किलोच्या प्लेट्स. मला जुन्या वजनावर यायला चौदा आठवडे लागले. सरळ रॉड मी पुन्हा धरला नाही.