या वेळचा पसंतीक्रम तिचा

लेकीची फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली की आपल्या घरांत एकच विषय सुरू होतो. जेवताना, झोपताना, कुडाळच्या बाजारात जाताना. पुढे काय? एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण, करायचं की नोकरी धरायची? नोकरी धरली तर हातात किती येणार? शिकायचं तर अजून फी किती? आणि हे सगळं होईपर्यंत तिचं लग्नाचं वय काय होईल?

लेक ताटात बघत जेवत असते. खरं तर आपण तिला विचारत नसतोच, तिच्यासमोर आपापसात बोलत असतो. मधेच एखादा प्रश्न तिच्याकडे वळतो, तिचं उत्तर अर्धं ऐकतो आणि पुन्हा हिशेबाला लागतो. आपण सगळेच असे. दिवसभर दुकान, होडी, बाग, शाळा, पर्यटकांची सरबराई. रात्री डोकं चालतं ते फक्त आकड्यांवर. काळजी असते म्हणूनच तसं होतं.

पण एक गोष्ट मनात घोळते आहे, ती तुमच्यापाशी बोलावीशी वाटते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत फिजिओथेरपी मुलीने निवडलेली नव्हती. ती वाट्याला आली होती.

आठवून बघा. बारावीला मार्क चांगले. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, त्याचा आपल्याला अभिमान. मग नीटचा निकाल आला आणि घरात कुणी बोलेना. एमबीबीएस हुकलं. कुणा ओळखीच्या सरांना विचारून, सायबर कॅफेत बसून, कॉलेजांचे कोड बघत बाबांनीच पसंतीक्रम भरला. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवीही त्याच गुणांवर मिळते, तेही वैद्यकीयच आहे, असं कुणीतरी सांगितलं. लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि मान हलवत होती. अठराव्या वर्षी, निकालाने खचलेलं पोर दुसरं काय करणार?

नंतर पाहुणे आले की आपण सांगायचो, "थोडक्यात हुकलं हो एमबीबीएस, म्हणून फिजिओ घेतलं." सहज बोलून जायचो. ते वाक्य आतल्या खोलीत तिला ऐकू जायचं. साडेचार वर्षं ती जे मनापासून शिकत होती, त्याला आपल्याच घरात 'म्हणून घेतलेलं' असं नाव होतं.

म्हणून मला वाटतं, एमपीटीएचचा अर्ज ही तिची पहिली खरी निवड आहे. हा अर्ज भरणारी मुलगी बारावीतली नाही. तिने देहाची चिरफाड बघितली आहे, अतिदक्षता विभागात माणसांच्या छातीत साचलेला कफ मोकळा केला आहे, पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या माणसाला पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवलं आहे. वाट्याला आलेलं आता तिला आवडू लागलंय का, आणि त्यातलं नेमकं काय आवडतंय, हे फक्त तिलाच ठाऊक आहे. आपल्याला नाही.

वाडीत तिला काय ऐकावं लागतं तेही बघा. "इतक्या शिकलंस आणि लोकांचे पाय चोळतलंस?" बोलणारी मावशी मायेनेच बोलते. पोरगी हसून सोडून देते, पण रात्री उशिरापर्यंत जागी असते. अशा वेळी आपण गप्प बसतो. कारण आपल्यालाही नीट सांगता येत नाही की आपली लेक नक्की काय करते.

तर सांगायला थोडी माहिती आपल्याकडे हवी. आपल्या देशात ही विद्या रुजली ती मुंबईतच. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीने मुलं लुळी पडत होती, तेव्हा केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आपल्या ओळखीत पायात कॅलिपर घालून चालणारा एखादा काका असतोच. त्याच्यासारख्या मुलांना उभं करण्याच्या धडपडीतून हे शास्त्र इथे वाढलं. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण माणसांना पुन्हा उभं करण्याचं काम संपलं नाही. राज्यात या व्यवसायासाठी 2002 चा कायदा आहे, स्वतंत्र परिषद आहे, आणि 2021 पासून राष्ट्रीय आयोगाचाही कायदा आहे. मालीश करणाऱ्यांची नोंदणी करायला कुणी कायदे करत नाही.

आणि 'डॉक्टर' लावता येतं का, हा आपला लाडका प्रश्न. 2025 च्या सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलं आणि लगेच ते मागेही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत या मुलांच्या फोनवर काय काय फिरत होतं, किती चिडचिड, किती अपमान वाटला होता, ते आपल्यापैकी किती जणांना कळलं? त्या अक्षराचा निकाल सरकारदरबारी लागत राहील. घरात तरी त्यावरून तिची किंमत ठरू नये.

आता आपल्याच किनाऱ्याकडे बघू. रापण ओढून ओढून खांदे गेलेले पुरुष. डोक्यावरून माशांची पाटी वाहून मान आखडलेल्या बायका. काजू कारखान्यात तासन्तास एकाच जागी बसणाऱ्या. चिरेखाणीत कंबर मोडलेले. माडावरून, काजीवरून पडून कण्याला मार बसलेली तरुण मुलं. आणि घराघरांत एकटे राहणारे म्हातारे, ज्यांची मुलं मुंबईला. त्यांतल्या कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की गाडी थेट गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जाते. जीव वाचतो, माणूस घरी येतो, कागदावर 'फिजिओथेरपी चालू ठेवा' असं लिहिलेलं असतं. गावात ती द्यायला माणूस नसतो. मग हात पोटाशी वळत जातो आणि तसाच राहतो.

हे आपली मुलं रोज बघतात. सुट्टीला घरी आल्यावर आजी म्हणते, "गो बाय, माझ्या ढोपराक कायतरी कर गो," आणि ती चहा ठेवून आजीसमोर बसते, पाय सरळ करायला लावते, मांडीचा स्नायू कसा आवळायचा ते शिकवते. आपण तेव्हा भाकरी थापत असतो किंवा फोनवर असतो. तिचा चेहरा बघायचा राहून जातो.

माझी सूचना एवढीच आहे. पगार, कॉलेज, शहर हे सगळं विचारण्याआधी एकदा तिला तिच्या पेशंटबद्दल विचारा. इंटर्नशिपमध्ये कोण लक्षात राहिलं? कुणाकडे सकाळी जायला पाय ओढत नव्हते? कुठल्या वॉर्डातून बाहेर पडल्यावर रडू आलं? पहिल्या दिवशी ती "काय नाय गो आई" म्हणेल. सवयच नाही ना कुणी असं विचारायची. दोनचार दिवसांनी अंगणात भाजी निवडायला बसल्यावर आपोआप बोलायला लागेल. तेव्हा मधे बोलू नका. "पण त्यात स्कोप आहे का?" हे तर अजिबात नको.

कारण एमपीटीएचला शाखा निवडावी लागते आणि ती जवळजवळ आयुष्याची होते. हाडं-स्नायू-सांधे म्हणजे मस्क्युलोस्केलेटल, मेंदू आणि नसांचं न्यूरो, हृदय-फुफ्फुसांचं कार्डिओरेस्पिरेटरी, लहान मुलांचं पेडियाट्रिक, खेळाडूंचं स्पोर्ट्स, आणि वस्तीत, कामाच्या जागी जाऊन करायचं कम्युनिटी. आपल्याकडचा सल्ला ठरलेला: मस्क्युलो घे, क्लिनिक टाकता येतं, गुडघे-कंबर काय सगळ्यांचेच दुखतात. सल्ला वाईट नाही. पण मेंदूचा पक्षाघात असलेल्या एखाद्या मुलाने महिनोन्महिने मेहनत करून पहिल्यांदा मान सावरली आणि ते बघून जिच्या डोळ्यांत पाणी आलं, अशा मुलीला क्लिनिकच्या हिशेबाने शाखा घ्यायला लावली तर ती पुन्हा 'म्हणून घेतलेलं' काहीतरी करत बसेल. कम्युनिटीला आपण सगळ्यात शेवटी टाकतो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर सिंधुदुर्गाला त्या शाखेच्या माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे. तरी ते माझं मत झालं. लेकीवर तेही लादायचं नाही.

अर्जाच्या कामात मात्र आपण भरपूर उपयोगी पडू शकतो, आणि तिथे पडावंच. राज्यातल्या प्रवेशासाठी सीईटी कक्षाची पीजीपी-सीईटी असते, ती बीपीटीएचच्याच अभ्यासक्रमावर. कराड, लोणी, बेळगाव अशा ठिकाणच्या अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया वेगळी, तारखा वेगळ्या. इंटर्नशिप करत करत ती हा अभ्यास करते, म्हणजे दिवसभर उभी राहून रात्री पुस्तक. तिला कागदांसाठी पळवू नका. अधिवास दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी, यांची यादी भिंतीवर लावा आणि सेतू, तहसील, प्रांत कचेरीच्या खेपा आपण वाटून घ्या. नॉन क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, ते ऐन वेळी लक्षात येतं आणि घरात भांडणं होतात. पावसात वीज जाते, रेंज जाते. अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

कॉलेजची इमारत बघून भुलू नका, हेही सांगायला हवं. एमपीटीएचमध्ये प्रबंध असतो, त्यामुळे मार्गदर्शक कोण हे महत्त्वाचं. जोडलेल्या रुग्णालयात पेशंट किती येतात, ओपीडीत विद्यार्थ्याला हात लावायला मिळतो की नुसतं उभं राहायला, विद्यावेतन खरंच हातात पडतं का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना फोन करून विचारायचं. तो फोन तिने करायचा. आपण शेजारी बसून "अजून ते विचार, हे विचार" असं खुणावायचं नाही, कितीही वाटलं तरी.

पैशाचं बोलायला आपल्याला जड जातं. आंब्या-काजूचे पैसे मेअखेर येतात, 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, किनाऱ्यावरचं जलपर्यटन बंद, पुढे चतुर्थी उभी. प्रवेशफेऱ्यांचं वेळापत्रक आपल्या हंगामाकडे बघत नाही. मुलीला हे सगळं दिसतं. बाबांनी होडीच्या इंजिनाचं काम पुढे ढकललं, आईने भिशी मोडली, हे तिला न सांगताही कळतं. मग ती एके दिवशी म्हणते, "मला पुढे शिकायचंच नाही, नोकरी करते." आपल्याला वाटतं हिला हौस नाही. बऱ्याचदा ते फक्त अपराधीपण असतं.

त्यापेक्षा तिला समोर बसवून खरा आकडा सांगावा. एवढे आहेत, एवढं कर्ज काढावं लागेल, एवढ्याच्या वर आपल्याला झेपणार नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर कर्जाचे पर्याय बघता येतात, शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी बघता येते, ते तिच्यासोबत बसून बघा. सुरुवातीचे पगार कमी असतात हेही लपवू नका. तिला ते आपल्याहून चांगलं माहीत आहे. लपवलेल्या आकड्याने मुलं घाबरतात. सांगितलेल्या आकड्यात ती वाट काढतात.

कुणाची मुलगी लंडनला गेली, कुणाचा मुलगा अमेरिकेत, हे ऐकून आपण हलतो. जाऊ दे ना, तिला जायचं असेल तर. फक्त माहिती घेऊन. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होण्याची तिथली पदवी आता डॉक्टरेटच्या पातळीची, डीपीटी, साधारण तीन वर्षांची. इथली पदवी घेऊन गेलं तर आधी शिक्षणाची पडताळणी आणि मग एनपीटीई परीक्षा; ब्रिटनमध्ये काम करायला एचसीपीसीची नोंदणी. नुसतं तिकडे एमएस्सी केलं की काम मिळालं, असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी या नोंदण्यांचे नियम तिने स्वतः वाचलेले असावेत. आणि तिकडच्या अर्जाला निबंध लागतो, हे क्षेत्र का निवडलं म्हणून. एजंट तो तयार करून देतो. तो घेऊ नका. आजीचं ढोपर, बांबोळीहून घरी आलेले शेजारचे आजोबा, हे तिच्या हातून साध्या भाषेत उतरलं तर तेच खरं उत्तर आहे.

राहिलं लग्नाचं. स्थळं येणारच, आणि "पुढे शिकू देणार का?" हा प्रश्न आपण दबक्या आवाजात विचारतो. तो मोकळ्या आवाजात, पहिल्याच बैठकीत विचारूया.

आणि यंदा नंबर लागला नाही तर? जागा कमी, मुलं जास्त, तसं होऊ शकतं. तेव्हा घरात पुन्हा ती नीटच्या निकालाची शांतता पसरू देऊ नका. त्या शांततेने लेकीला आधीच एकदा घायाळ केलं आहे. त्या संध्याकाळी नेहमीसारखी कढी करा, जेवायला बसा, तिला रडायचं असेल तर रडू दे. चार दिवसांनी बोला. वर्षभर कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीला एखाद्या रुग्णालयात काम करता येतं, घरोघरी जाऊन पेशंट बघता येतात, आणि हाताखालून माणसं गेली की शाखेबद्दलचा गोंधळही पुष्कळदा मिटतो. परिषदेची नोंदणी तेवढी आधी हातात असू दे. मग ते शेजारचे आजोबा आहेतच. त्यांचा हात अजून पुरता वळलेला नसेल, तर उद्यापासूनच सुरुवात करता येईल.