गाठ निघाली, पण जठर तेच आहे

“डॉक्टर, गाठ मुळासकट काढली ना? मग पुन्हा दुर्बीण कशाला?” जठराचा अगदी सुरुवातीचा कर्करोग दुर्बिणीतून काढलेले रुग्ण हे हमखास विचारतात. विचारायला येतात ते बरे. बरेचजण येतच नाहीत.

पोट न फाडता, जठर शाबूत ठेवून अस्तरातली गाठ सोलून काढण्याचं हे तंत्र जपानी डॉक्टरांनी विकसित केलं. गाठ एकसंध निघाली आणि कडा स्वच्छ असल्या, तर त्याच जागी ती परतण्याची शक्यता फार कमी. तेवढ्यापुरते निर्धास्त राहा. पण तण उपटलं तरी जमीन तीच असते. वर्षानुवर्षांच्या सुजेने झिजलेल्या त्याच अस्तरात दुसरीकडे नवी गाठ उगवू शकते, तीही काही न दुखता.

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, “काहीच त्रास नाही” म्हणून तीन वर्षं फिरकले नाहीत. जळजळ झाली की मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी, वर मोबाइलवर आलेला कुठलासा काढा. सुनेने आग्रहाने आणलं तेव्हा हिमोग्लोबिन घसरलं होतं आणि नवी गाठ दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर खोल गेली होती. जठराचा मोठा भाग कापावा लागला. मनाने घेतलेली गोळी जळजळ दाबते, गाठ नाही. आणि ‘पोट शुद्ध करणारे’ काढे विकणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. उपचाराची वेळ ते खाऊन टाकतात.

अस्तराला ही सूज आणणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली का, हे आधी विचारा. गाठ काढलेल्या रुग्णांवरचा कोरियातला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंतूवर औषध घेतलेल्यांपैकी ७.२ टक्क्यांना नवी गाठ झाली, न घेतलेल्यांपैकी १३.४ टक्क्यांना. धोका जवळपास निम्मा झाला, संपला नाही. म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स तोंड कडू झालं तरी पुरा करा आणि जंतू गेला का, हे महिन्याभराने तपासून घ्या. तंबाखू, मिश्री, सिगारेट आजच बंद.

काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, दोन घासांत पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, वाढता थकवा: यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. काही दिसलं नाही, तरी वर्षातून किमान एकदा दुर्बीण करायचीच. येताना पॅथॉलॉजीचा जुना रिपोर्ट घेऊन या.