उन्हातील श्रम आणि कमी साखरेचे घरगुती पेय

चैत्र-वैशाखात ऊन तापू लागले, तरी शेतातील कामे थांबत नाहीत. नांगरट, धसकटे वेचणे, बांधबंदिस्ती ही कामे याच दिवसांत उरकावी लागतात. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्या व कबड्डीचे सामनेही याच सुमारास होतात. अशा वेळी घाम गाळणाऱ्यास भरपूर गोड सरबत दिले म्हणजे शक्ती येते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे.

घामावाटे काय जाते?

घामावाटे मुख्यतः पाणी व मीठ जाते. साखर जात नाही. म्हणून पाणी व मीठ यांची भरपाई करणे हे अशा पेयाचे पहिले काम होय. मग साखर कशासाठी घालावयाची? लहान आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ लवकर शोषले जाते व त्यामागोमाग पाणीही शोषले जाते. जलसंजीवनीचे तत्त्व हेच आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले.

परंतु या कामास थोडी साखर पुरते. ती फार झाल्यास पेय जठरातून सावकाश पुढे सरकते, पोट जड होते व तहान भागत नाही. बाजारातील गोड शीतपेयांत दर लिटरला सुमारे १०० ग्रॅम साखर असते. घरगुती पेयास २० ग्रॅम पुरे होते.

कृती

(१) लिंबाचे पेय : उकळून गार केलेले पाणी १ लिटर, साखर ५ सपाट लहान चमचे (२० ग्रॅम), मीठ पाव लहान चमचा (दीड ग्रॅम) व एका लिंबाचा रस. साखरेऐवजी तितकाच गूळ चालेल; परंतु गूळही साखरच आहे, हे विसरू नये.

(२) ताक : एक भाग दह्यास तीन-चार भाग पाणी घालून घुसळावे. दर लिटरला पाव लहान चमचा मीठ व थोडी जिरेपूड घालावी. यात साखर मुळीच लागत नाही.

(३) कैरीचे पन्हे : एरव्ही गराच्या बरोबरीने किंवा त्याहूनही अधिक गूळ घालतात. येथे उकडलेल्या कैरीचा गरच बेताने, लिटरला दोन-तीन मोठे चमचे, घ्यावा. म्हणजे २० ग्रॅम गुळात भागते. मीठ वरीलप्रमाणेच.

(४) कोकम : कोकणात साखरेच्या पाकातील कोकमाऐवजी आगळ वापरावे. आगळात मीठ असतेच. म्हणून वेगळे मीठ घालू नये.

घ्यावयाची काळजी

चिमटीने अंदाज करू नये. घरोघरचे चमचे लहानमोठे असतात; म्हणून आपल्या चमच्यात किती मीठ व साखर मावते, हे एकदा वाण्याच्या काट्यावर पाहून घ्यावे. पेय अश्रूंहून खारट लागता कामा नये. आंबट पेय कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. सकाळी केलेले पेय दुपारपर्यंत संपवावे.

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला प्यावा. मात्र तासाभरात दीड लिटरहून अधिक पिऊ नये. काम तासाभराचेच असेल, तर साधे पाणी व नेहमीचे जेवण पुरेसे आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच अशी पेये घ्यावीत.

हे पेय जुलाबावरील उपचार नव्हे. जुलाबात जलसंजीवनीची पुडीच द्यावी. तसेच उन्हात काम करणारा मनुष्य असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्यास काहीही पाजू नये. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वीच गावात या पेयांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. लिटरचे माप, चमचा व काटा समोर ठेवून एकदा केलेली कृती लोकांच्या ध्यानात राहते. मग शेतावर भाकरीबरोबर पेयाचे भांडेही आपोआप जाऊ लागेल.