घडीची चाकांची खुर्ची : घेण्यापूर्वी काय पाहावे?

आजाऱ्यांच्या भेटीस घरोघरी जाताना एक गोष्ट आमच्या पुष्कळदा नजरेस येते. दाराआड एक चाकांची खुर्ची घडी घालून ठेवलेली असते, आणि जिच्यासाठी ती आणली ती व्यक्ती महिनोन्‌महिने खाटेवरच असते. खुर्ची मोडलेली नसते. ती न्हाणीच्या दारातून जात नाही, गाडीच्या डिकीत मावत नाही, किंवा घरातल्या बाईला एकटीने उचलवत नाही. पैसे तर वाया जातातच, पण त्याहून मोठी हानी ही की त्या माणसाचे जग चार भिंतींएवढे होऊन बसते. म्हणून ह्या खेपेस व्हीलचेअर कशी निवडावी ह्याचा विचार करू.

घडीची खुर्ची ही मुळात प्रवासाच्या गरजेतूनच निघाली. १९३० च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज ह्या दोन अभियंत्यांनी ती तयार केली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतील अपघातामुळे अधू झाले होते व मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची त्यांना हवी होती. आसनाखाली फुलीसारखी नळ्यांची कैची बसवून त्यांनी तो प्रश्न सोडवला. आजही बहुतेक घडीच्या खुर्च्यांत तीच कैची असते.

वजन : लोखंडी नळ्यांची साधी खुर्ची सुमारे १८ ते २० किलो भरते, तर ॲल्युमिनियमची साधारण १२ ते १५ किलो. हा फरक कागदावर थोडा वाटतो. परंतु दवाखान्याच्या एका फेरीत खुर्ची चार वेळा उचलावी लागते : घरी गाडीत ठेवताना, दवाखान्यात काढताना, परतताना ठेवताना आणि घरी काढताना. १८ किलोची खुर्ची म्हणजे एका फेरीत ७२ किलोची उचल, १२ किलोची म्हणजे ४८. आठवड्यातून तीनदा व्यायामोपचारास न्यायचे असेल, तर हा भार बहुधा सुनेच्या किंवा वयस्क पत्नीच्या कमरेवर पडतो. दुकानात जाण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. जी व्यक्ती खुर्ची उचलणार आहे तिने १५ किलो तांदळाची पिशवी डिकीत ठेवून पुन्हा काढून पाहावी. जड गेली तर हलकी खुर्ची शोधावी. किंवा जिची मागची चाके आणि पायटे सहज निघतात अशी घ्यावी, म्हणजे एकेक भाग निराळा उचलता येतो.

चाके : खुर्च्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एकीची मागची चाके २४ इंची असून त्यांवर हाताने फिरवण्याची कडी असते. दुसरीची चारही चाके लहान असतात. ती मागून ढकलावीच लागते. दुसरी अधिक हलकी असते व डिकीत चटकन मावते, म्हणून घरच्यांना तीच आवडते. पण ज्याच्या हातांत बळ आहे त्याला ती दिली, तर पाण्याच्या तांब्यापर्यंत जायलाही त्याला हाक मारावी लागेल. हे त्याच्यावर लादू नये. शिवाय लहान चाके मुरमात, वाळूत आणि चिऱ्यांच्या ओबडधोबड अंगणात अडकतात. हवेच्या टायरांना धक्के कमी बसतात आणि पंक्चर सायकलच्या दुकानात काढून मिळते. भरीव टायरांची निगा कमी, पण खडबडीत रस्त्यावर अंग हादरते. गावात राहणाऱ्याने हवेचे टायर आणि शहरी फरशीवर वावरणाऱ्याने भरीव टायर, असा साधारण नियम धरावा.

माप : दुकानात बहुधा १८ इंची, म्हणजे सुमारे ४६ सें.मी. आसनाची खुर्ची पुढे केली जाते. किडकिडीत आजीबाई तीत बसल्या की एका अंगाला कलतात आणि त्यांचे हात चाकांपर्यंत नीट पोचत नाहीत. बसलेल्या स्थितीत नितंबांची रुंदी मोजावी. दोन्ही बाजूंना तळहात सपाट सरकेल इतकीच जागा उरावी. आसनाची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू ह्यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. पाय पायट्यावर टेकले असता मांड्या आसनावर सारख्या टेकाव्यात. पक्षाघात झालेला माणूस एक हात व एक पाय वापरून खुर्ची चालवू शकतो; त्यासाठी आसन इतके बुटके हवे की धडका पाय जमिनीवर पुरा टेकेल.

मोठ्या चाकांच्या खुर्चीची एकूण रुंदी आसनापेक्षा सुमारे २० सें.मी. अधिक असते. म्हणजे १८ इंची खुर्चीला ६६ सें.मी. वाट लागते. जुन्या घरांतील न्हाणीचे दार पुष्कळदा दोन फुटांचे, ६१ सें.मी. असते. उंबरठाही मोजावा : चढाच्या फळीचा साधारण नियम उंचीच्या बारापट लांबीचा आहे. १५ सें.मी. उंबरठ्याला १८० सें.मी. फळी हवी.

गाडी : डिकी टेपने मोजावी. गॅसवर चालणाऱ्या गाडीत सिलिंडर निम्मी जागा खातो हे वडोदऱ्याच्या वाचकांना सांगायला नको. तेथे पाठ मोडणारी व चाके निघणारी खुर्चीच उपयोगी पडते. खुर्ची मागच्या आसनावर सैल ठेवू नये. जोराने ब्रेक लागल्यास ती पुढच्यांवर आदळते.

गाडीत बसवताना खुर्ची आसनाजवळ तिरपी लावावी, दोन्ही ब्रेक ओढावेत आणि पायटे बाजूला करावेत. शक्यतो धडकी बाजू गाडीकडे असावी. आधी बैठक, मग डोके सांभाळून आत, शेवटी पाय. लुळ्या हाताला धरून मुळीच ओढू नये. खांदा निखळण्याची भीती असते. ही कृती व्यायामोपचारतज्ज्ञाकडून एकदा समक्ष शिकून घ्यावी. खुर्ची उघडताना आसनाच्या कडा तळहाताने खाली दाबाव्यात व बोटे आतल्या बाजूस ठेवावीत, नाहीतर ती चिमटतात.

गादी : नुसत्या कापडी आसनावर तासन्‌तास बसल्याने बैठकीच्या हाडांवर जखमा होतात. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांची संवेदना गेली आहे, त्यांना त्या कळतही नाहीत, आणि अशा जखमा चिघळून जिवावर बेततात. चांगली जाड गादी खुर्चीबरोबरच घ्यावी. दर वीस-तीस मिनिटांनी बूड उचलावे किंवा पुढे व बाजूला वाकावे, आणि रोज रात्री कातडी पाहावी.

निगा : टायरांत हवा कमी झाली की ब्रेक धरत नाहीत. पुढच्या चाकांत केस व दोरे गुंततात, ते काढावेत. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात नळ्या व सांधे कोरडे पुसावेत.

ज्यांना किंमत झेपत नाही त्यांनी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. १९८१ पासून अपंगांना साधने देण्याची केंद्र सरकारची एडिप योजना आहे आणि २०१७ पासून गरीब वृद्धांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. कानपूरचे अलिम्को हे १९७२ साली स्थापन झालेले सरकारी निगम अशी साधने बनवते. फुकट मिळते म्हणून मापाविना खुर्ची घेऊ नये. तेथेही आपली मापे सांगावीत.

दुकानात जाताना एका कागदावर ही पाच मापे लिहून न्यावीत : बसलेल्याची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, घरातील सर्वांत अरुंद दार आणि डिकी. शक्य असल्यास त्या माणसालाही बरोबर न्यावे. बसायचे त्याला आहे; पसंतीचा पहिला शब्द त्याचाच असावा.