मुखांतील जीवाणु व विषाणु

मुख हें शरीराचें महाद्वार होय. अन्न, उदक आणि कांहीं अंशीं श्वास हीं याच द्वारानें आंत जातात. द्वारावरील पहारेकरी भले असले तर घर सुरक्षित राहतें. ते बिघडले तर चोराला आंतूनच साह्य मिळतें. मुखांत कायमची वस्ती करून राहिलेले जीवाणु आणि रोग उत्पन्न करणारे विषाणु यांचा संबंध कांहींसा असाच आहे. तो कसा, हें आपण थोडक्यांत पाहूं.

प्रथम या दोहोंतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. जीवाणु हा एका पेशीचा सजीव होय. अन्न मिळालें म्हणजे तो वाढतो व दुभंगून एकाचे दोन होतात. विषाणु सामान्यतः त्याहून पुष्कळच लहान असून तो स्वतंत्रपणें वाढूं शकत नाहीं. जिवंत पेशींत शिरून तिच्याच सामग्रीनें त्याला आपली प्रजा निर्माण करावी लागते.

दांतांवरील जीवाणूंचें वर्णन प्रथम हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लीवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें केलें. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यानें आपल्याच दांतांवरील कीट पाहिलें, तेव्हां त्यांत असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करीत असलेले त्याला दिसले. ही हकीकत त्यानें इ. स. १६८३ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविली. आज मुखांतील जीवाणूंच्या सुमारें ७०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकीं पुष्कळ निरुपद्रवी आहेत. कित्येक तर जागा अडवून परक्या जंतूंना थाराच देत नाहींत. परंतु दांतांवर कीट सांचून हिरड्या सुजल्या म्हणजे दांत व हिरडी यांमध्यें खोल खांचा पडतात. तेथें हवा पोंचत नाहीं, आणि हवेवांचून वाढणाऱ्या दुष्ट जाती माजतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस ही त्यांतील प्रमुख होय. ती ब्यूटिरिक आम्ल उत्पन्न करते. खवट लोण्याला येणारा उग्र वास याच आम्लाचा असतो.

आतां या आम्लाचा विषाणूशीं काय संबंध? १९६४ मध्यें एप्स्टाइन, अचोंग व बार यांनीं शोधलेला एप्स्टाइन-बार विषाणु लाळेवाटे पसरतो. जगांतील प्रौढांपैकीं शेंकडा नव्वदांच्या शरीरांत तो असतो, आणि बहुधा जन्मभर रक्तांतील पांढऱ्या पेशींत निजून राहतो. त्याचा आनुवंशिक तंतु रिळावरील दोऱ्याप्रमाणें कांहीं प्रथिनांभोंवतीं घट्ट गुंडाळलेला असतो. दोरा घट्ट आहे तोंवर त्यावरील आज्ञा वाचली जात नाहीं. ब्यूटिरिक आम्ल हा दोरा घट्ट ठेवणाऱ्या द्रव्याचें काम थांबवितें. दोरा सैल होतो आणि निद्रिस्त विषाणु जागा होतो. जपानांतील निहोन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१२ मध्यें प्रयोगशाळेंतील पेशींवर हें दाखवून दिलें.

इन्फ्लुएंझाची गोष्ट निराळी आहे. पेशींतून बाहेर पडणारे नवे विषाणु तिच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला चिकटून राहतात. तें बंधन तोडण्यासाठीं विषाणूजवळ न्यूरामिनिडेज नांवाची जणूं एक कात्री असते. झानामिव्हिर हें औषध ती कात्री निकामी करतें. परंतु मुखांतील स्ट्रेप्टोकोकस ओरॅलिस व स्ट्रेप्टोकोकस मायटिस या जीवाणूंजवळही तशीच कात्री असते. त्याच विद्यापीठाच्या २०१५ मधील प्रयोगांत असें आढळलें कीं, या जीवाणूंच्या द्रवामुळें पेशींतून अधिक विषाणु सुटले आणि औषधाचा प्रभावही कमी झाला.

मात्र येथें विवेक सोडतां कामा नये. हे प्रयोग कांचेच्या पात्रांतील पेशींवर झाले. जिवंत मनुष्याच्या मुखांत लाळ असते, रोगप्रतिकारक शक्ति असते. म्हणून दांत घासणाराला फ्ल्यू होणारच नाहीं, असें कोणीं समजूं नये. तथापि मुखशुद्धीचा लाभ अन्य मार्गांनींही दिसून आला आहे. जपानांतील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षें एक पाहणी झाली व ती १९९९ मध्यें प्रसिद्ध झाली. ज्या वृद्धांच्या मुखाची नीट निगा राखली, त्यांपैकीं शेंकडा ११ जणांना न्यूमोनिया झाला. इतरांत हें प्रमाण शेंकडा १९ होतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्या जागतिक सांथींतील बहुतेक मृत्यु विषाणूमागून आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियामुळें झाले, असें २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. विषाणु व जीवाणु यांची जोडी केवढा अनर्थ करूं शकते, हें यावरून कळून येईल.

विद्यार्थी मित्रहो, सकाळीं आणि विशेषतः रात्रीं निजण्यापूर्वीं मऊ ब्रशानें दांत घासा. निजल्यावर लाळ कमी सुटते व जीवाणूंना मोकळें रान मिळतें. गोड खाल्ल्यावर चूळ भरा. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असल्यास तें लपवूं नका, दंतवैद्यांना दाखवा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांना केवळ सांगूं नये, आपण त्यांच्याबरोबर दांत घासावे. मिशरीनें हिरड्यांस अपाय होतो, तिचा घरांतून त्याग करावा. घरांतील आजी-आजोबा कवळी वापरीत असतील, तर ती रात्रीं काढून स्वच्छ करण्याचें काम नातवंडांनीं आनंदानें अंगावर घ्यावें. त्याला श्रम थोडे पडतात, आणि ज्यांच्या फुप्फुसांत बळ कमी उरलें आहे, त्यांना त्याचा लाभ सर्वांत अधिक होतो.