‘हरवले’ आणि ‘लॉस्ट’ : हानिवाचक इंग्रजी क्रियापदांचा नित्य व्यवहारातील वापर

मराठी माणसाची वस्तू हरवते, तेव्हा वाक्याचा कर्ता ती वस्तूच असते. ‘माझी वही हरवली’ असे आपण म्हणतो. वही जणू स्वतःच्या पायांनी कोठेतरी निघून गेली, आणि तिचा धनी ‘माझी’ या षष्ठीच्या आडोशाला उभा राहिला. बस चुकते, वर्ष वाया जाते, मजुरी बुडते, आई आठवते. या सर्व वाक्यांत जे गेले ते पुढे आणि ज्याचे गेले तो मागे, अशी रचना आहे. इंग्रजीत हा क्रम उलटतो. तेथे ज्याचे गेले त्याला पुढे आणून उभे केले जाते : ‘आय लॉस्ट माय नोटबुक’, ‘आय मिस्ड द बस’. वसतिगृहातील मुलांच्या वह्या तपासताना हानिवाचक वाक्यांत ज्या चुका दिसतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ या एका भेदात आहे.

मुले ‘माय नोटबुक लॉस्ट’ असे लिहितात. ‘लूझ’ या क्रियापदाला कर्म दिले नाही, तर त्याचा अर्थ सहसा ‘हरणे’ असा होतो. ‘अवर टीम लॉस्ट’ म्हणजे आमचा संघ हरला. त्यामुळे इंग्रजी वाचकाला वही एखाद्या सामन्यात पराभूत झाली की काय, अशी शंका यावी! ‘माय नोटबुक इज लॉस्ट’ हे वाक्य मात्र शुद्ध आहे, कारण तेथे ‘लॉस्ट’ हे विशेषणासारखे वापरलेले धातुसाधित आहे.

मराठीत ‘हरवणे’ या एकाच रूपाचे दोन अर्थ असल्यामुळे दुसरा घोटाळा होतो. ‘आम्ही त्यांना कबड्डीत हरवले’ याचे भाषांतर ‘वी लॉस्ट देम’ असे केले, तर ती माणसे गर्दीत दिसेनाशी झाली असा अर्थ निघेल. येथे ‘वी बीट देम’ किंवा ‘वी डिफीटेड देम’ हवे. आपण त्यांच्याकडून हरलो असल्यास ‘वी लॉस्ट टू देम’. तो लहानसा ‘टू’ विसरता कामा नये.

‘मिस’ हे क्रियापद निवासी शाळेतील मुलाच्या विशेष परिचयाचे. त्याचा एक अर्थ चुकणे : ‘आय मिस्ड द फर्स्ट लेसन’, पहिला तास चुकला. दुसरा अर्थ, जवळ नसलेल्या माणसाची आठवण येऊन जीव कासावीस होणे : ‘आय मिस माय मदर’. मराठीत येथेही आठवण ‘येते’. इंग्रजीत मुलगाच काहीतरी ‘करतो’. आता ‘आय मिस्ड माय मदर ॲट द बस स्टँड’ हे वाक्य पाहावे. स्थानकावर आईची आठवण आली, की आईशी चुकामूक झाली? दोन्ही अर्थ संभवतात. कोणता घ्यावयाचा हे मागचेपुढचे वाक्यच ठरवील.

मृत्यूच्या प्रसंगी या क्रियापदांची निवड फार जपून करावी लागते. ‘ही लॉस्ट हिज फादर इन 2020’ म्हणजे 2020 साली त्याचे पितृछत्र हरपले. पण ‘हिज फादर इज लॉस्ट’ असे लिहिल्यास वडील वाट चुकले आहेत, त्यांचा शोध घेतला पाहिजे, असा बोध होईल. आपल्याकडे अर्जांत ‘माय फादर एक्स्पायर्ड’ असे सर्रास लिहितात. भारताबाहेरच्या वाचकाला हे खटकते. त्याच्या लेखी औषधाची किंवा परवान्याची मुदत ‘एक्स्पायर’ होते, माणसाची नव्हे. ‘डाइड’ हा सरळ शब्द पुरेसा आहे, आणि तो अनादराचा नाही. अधिक मृदू शब्द हवा असल्यास ‘पास्ड अवे’ आहे. आपल्या समाजात नावापूर्वी ‘कालकथित’ लिहिण्याची रीत आहे. इंग्रजीत त्या जागी केवळ ‘लेट’ येते, आणि त्या मराठी शब्दामागचा विचार तेथे उतरत नाही, हे मान्य करावे लागते.

येथवरच्या चुका व्याकरणाच्या झाल्या. पुढची अधिक गंभीर आहे, कारण तिची किंमत अर्जदाराला मोजावी लागते. ‘मजुरी बुडाली’ हे मराठी वाक्य कोणाकडेही बोट दाखवीत नाही. आई आजारी पडून कामावर गेली नाही, तरीही मजुरी बुडते; तिने काम केले आणि मालकाने पैसे दिले नाहीत, तरीही ती बुडतेच. इंग्रजीत पहिल्या प्रसंगी ‘माय मदर लॉस्ट टू डेज वेजेस’ हे योग्य. दुसऱ्या प्रसंगी हेच वाक्य लिहिले, तर मालक वाक्याबाहेर सुखरूप निसटतो. तेथे ‘द एम्प्लॉयर डिड नॉट पे हर’ असेच लिहिले पाहिजे.

कागदपत्रांचेही तसेच. विद्यार्थ्याने जातीचा मूळ दाखला एखाद्या कार्यालयात जमा केला आणि तो परत मिळाला नाही, तर घरी आपण सहज म्हणतो, ‘दाखला हरवला’. तेच मनात घोळवीत मुलगा अर्जात लिहितो, ‘आय हॅव लॉस्ट माय सर्टिफिकेट’. या एका वाक्याने त्याने दोष स्वतःच्या शिरावर घेतला! अनेकदा पुढे पोलिसांकडील नोंद, प्रतिज्ञापत्र, नवा अर्ज अशा खेपा सुरू होतात, आणि त्या पालकांच्या रोजगाराच्या दिवशीच घालाव्या लागतात. वस्तुस्थिती सांगणारी वाक्ये अशी होतील : ‘आय सबमिटेड द ओरिजिनल सर्टिफिकेट ॲट युअर ऑफिस ऑन द टेन्थ ऑफ जून. इट हॅज नॉट बीन रिटर्न्ड टू मी.’ यात कोणावर आरोप नाही, उद्धटपणाही नाही; पण दाखला कोठे होता, हे स्पष्ट आहे.

दाखला खरोखरच आपल्या हातून गेला असेल, तेव्हा ‘आय हॅव लॉस्ट’ म्हणावे. तो अद्याप सापडलेला नाही, हे त्या ‘हॅव’मुळे कळते. तारीख सांगावयाची असल्यास मात्र ‘हॅव’ गळतो : ‘आय लॉस्ट इट ऑन द टेन्थ ऑफ जून’. घरातच कोठेतरी ठेवला आहे, पण आठवत नाही, अशा वेळी ‘मिसप्लेस’ हे क्रियापद अधिक नेमके.

हीच छटा आणखी दोन क्रियापदांत दिसते. नियम मोडल्यामुळे वा अट न पाळल्यामुळे हक्क गेला, तर ‘फॉरफिट’. वसतिगृह किंवा शिष्यवृत्तीच्या नियमावलीत हा शब्द आढळल्यास पालकांनी तेथे थांबून नीट वाचावे. अनामत रक्कम बहुधा याच शब्दामागे जाते. दुसऱ्याने हिरावून घेतले, तर ‘डिप्राइव्ह’. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य यांविषयी हेच क्रियापद योजलेले आहे. तेथे ‘लूझ’ चालले नसते, कारण स्वातंत्र्य नुसते गहाळ होत नाही. या क्रियापदानंतर ‘ऑफ’ येते, ‘फ्रॉम’ नव्हे : ‘दे वेअर डिप्राइव्ड ऑफ देअर लँड’. जमीन सावकाराने वा बळजोरीने घेतली असेल, तर ‘दे लॉस्ट देअर लँड’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य अर्धेच सत्य सांगते.

वर्तनीची एक गोष्ट राहिली. ‘लूझ’ म्हणजे गमावणे, यात ‘ओ’ हे अक्षर एकदाच येते आणि शेवटचा उच्चार ‘झ’ होतो. ‘लूस’ म्हणजे सैल, यात दोन ‘ओ’ आणि शेवटी ‘स’. सदरा ‘लूस’ असतो. सदऱ्याचे बटण आपण ‘लूझ’ करतो.